नेपल्समध्ये कुठे खावे, काय प्यावे: पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी प्रवाशासाठी मार्गदर्शक

इटलीच्या सहलीत नेपल्सच्या वाट्याला बहुधा अर्धाच दिवस येतो. सकाळी रोमहून गाडीने यायचे, पॉम्पेई या प्राचीन शहराचे अवशेष पाहायचे, स्टेशनसमोरच्या पहिल्या उपाहारगृहात भूक भागवायची आणि संध्याकाळी परतायचे, असा तो बेत असतो. ज्या शहरात स्वस्तातले खाणे हेच पुष्कळदा सर्वांत चांगले खाणे असते, तिथे असे जेवणे म्हणजे संधी वाया घालवणे होय. मात्र नेपल्समध्ये कुठे उभे राहावे, पैसे आधी द्यावेत की नंतर, कोणता पदार्थ कोणत्या वेळी मागावा, याचे काही संकेत आहेत आणि ते कोणी पाटी लावून सांगत नाही. ते आधी ठाऊक असावेत म्हणून हे टिपण केले आहे. शाकाहारी वाचकांसाठी माझे मत सुरुवातीलाच सांगतो: इटलीतल्या मोठ्या शहरांपैकी नेपल्समध्ये शाकाहारी माणसाचे पोट सर्वांत सहज भरते, फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या मांसापेक्षा न दिसणाऱ्या डुकराच्या चरबीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

१. निघण्यापूर्वी सोबत काय घ्यावे

तयारी फार नाही, पण पुढील गोष्टी जवळ असाव्यात.

- सुटी नाणी आणि पाच-दहा युरोच्या नोटा. कार्ड जवळजवळ सर्वत्र चालते, तरी कॉफी किंवा घडी घालून हातात दिल्या जाणाऱ्या पिझ्झासाठी नाणीच सोयीची पडतात.
- कागदी रुमाल. रस्त्यावरचे खाणे तेलकट आणि रसाळ असते.
- इटालियन वाक्ये लिहिलेला एक छोटा कागद. शाकाहारी पुरुषाने ‘सोनो वेजेतारियानो’ आणि स्त्रीने ‘सोनो वेजेतारियाना’ म्हणावे. त्यापुढे ‘नोन मान्जो कार्ने, ने पेशे’, म्हणजे मी मांस खात नाही, मासेही नाही, हे स्पष्ट जोडावे. अंडेही वर्ज्य असेल, तर ‘ने उओवा’ अशी पुस्ती जोडावी. सर्वांत उपयोगी प्रश्न ‘चे स्त्रुत्तो?’ हा आहे. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी. तिलाच नेपल्समध्ये ‘सुन्या’ किंवा स्थानिक बोलीत ‘न्झोन्या’ म्हणतात, म्हणून तिन्ही शब्द कागदावर लिहून ठेवावेत.

एका गोष्टीवर विसंबून राहू नये. युरोपीय संघाच्या नियमानुसार उपाहारगृहाला १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते आणि ती पुष्कळ ठिकाणी सूचीतच छापलेली असते. त्यांत अंडे, दूध, मासे, बदाम-अक्रोडासारखी कवचयुक्त फळे येतात. मांस आणि चरबी येत नाही. त्यामुळे त्या तक्त्यात काही आढळले नाही, एवढ्यावरून पदार्थ शाकाहारी ठरत नाही.

२. शहराच्या वेळा पाळा

दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते तीन आणि रात्रीचे साडेसात-आठनंतर, असा त्रात्तोरियांचा, म्हणजे साध्या घरगुती खाणावळींचा, दिनक्रम असतो. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद राहते. चारच्या सुमारास भूक लागली, तर पिझ्झेरिया, तळणाची दुकाने आणि मिठाईची दुकाने यांचाच आधार. भारतीय सवयीने संध्याकाळी सात वाजता जेवायला गेलात, तर दार बंद आढळेल किंवा रिकाम्या दालनात एकटेच बसाल. रविवारी दुपारी घरोघरी आणि खाणावळींतही लांबलचक जेवणे चालतात, तेव्हा आधी जागा राखावी. १५ ऑगस्टच्या आसपास अनेक जुनी दुकाने सुटीवर जातात, हे त्या महिन्यात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

३. सकाळ: कॉफी उभ्यानेच

इटलीत ‘बार’ म्हणजे मुख्यतः कॉफीचे दुकान. तिथे मुलाबाळांसह जायला संकोच वाटू देऊ नये. पद्धत अशी आहे: गर्दीच्या बारमध्ये आधी ‘कास्सा’पाशी, म्हणजे गल्ल्यावर, पैसे द्यावेत, तिथे मिळालेली पावती, म्हणजे ‘स्कोन्त्रीनो’, घेऊन काउंटरपाशी जावे आणि ती समोर ठेवून मागणी करावी. आधी काउंटरपाशी ताटकळत उभे राहिलात, तर तुमच्याकडे कोणी पाहणार नाही, आणि त्यात उद्धटपणाही नसतो.

उभ्याने घेतलेल्या एस्प्रेसोला साधारण सव्वा ते दीड युरो पडतो. तीच कॉफी टेबलाशी बसून घेतल्यास, विशेषतः प्रसिद्ध चौकांत, दर कितीतरी पटींनी वाढतो. यात फसवणूक नसते, कारण दोन्ही दर फलकावर लिहिलेले असतात. वाचण्याचे कष्ट मात्र आपण घ्यायचे. पियात्सा त्रिएस्ते ए त्रेन्तो या चौकातले १८६० पासूनचे ग्रान काफ्फे गाम्ब्रिनुस पाहण्यासारखे आहे. तिथली भिंतींवरची चित्रे आणि झुंबरे काउंटरपाशी उभे राहूनही तितकीच दिसतात.

नेपल्सची कॉफी गडद भाजलेली, दाट आणि घोटभर असते. कप पुष्कळदा उकळत्या पाण्यातून काढलेला असतो, त्यामुळे तो लगेच ओठाला लावू नये. सोबत पाण्याचा लहान पेला आला, तर ते पाणी कॉफीच्या आधी प्यायचे असते. काही जुन्या ठिकाणी कॉफी साखर घालूनच देतात. बिनसाखरेची हवी असल्यास पैसे देतानाच ‘आमारो’ असे सांगावे. कापुचीनो हे इथे सकाळचे पेय आहे. दुपारच्या जेवणानंतर ते मागितले, तर मिळते, पण वाढणाऱ्याच्या भुवया उंचावतात. ‘काफ्फे सोस्पेसो’ ही नेपल्सची जुनी रीत आहे: आपण एक कॉफी प्यायची आणि दोनचे पैसे द्यायचे, दुसरी नंतर येणाऱ्या एखाद्या गरजूला मिळते.

चहाबाजांनी अपेक्षा आवरत्या घ्याव्यात. चहा मागितला की गरम पाण्याचे भांडे, एक पुडी आणि बहुधा लिंबाची फोड येते. दुधाचा उकळलेला चहा हवा असेल, तर तो राहत्या घरी स्वतःच करावा लागेल.

४. पिझ्झा: इथे वेळ द्या

नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्या कारागिरांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि त्याआधी २०१० मध्ये युरोपीय संघाने या पिझ्झाच्या पारंपरिक कृतीला संरक्षण दिले. ती कृती शाकाहारी वाचकाने समजून घ्यावी, कारण तिच्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच घटक आहेत. पिठात तूप, तेल, चरबी काहीच पडत नाही. लाकडाच्या भट्टीत साधारण ४८५ अंश सेल्सियसला तो ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो. कड फुगलेली आणि ठिकठिकाणी काळे डाग पडलेली, मध्यभाग पातळ, मऊ आणि ओलसर, हे त्याचे योग्य रूप होय. मध्यभाग ओला आहे म्हणून पिझ्झा कच्चा राहिला, अशी तक्रार अनेक पाहुणे करतात. त्यांना कुरकुरीत पिझ्झा हवा असेल, तर तो रोममध्ये खावा.

पहिल्या दिवशी दोनच प्रकार मागावेत. मार्गेरिता म्हणजे टोमॅटो, मोझारेल्ला, तुळशीच्या कुळातला बेसिल आणि तेल. मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. त्यात चीजही नसते आणि नावावरून वाटतात तसे मासेही नसतात. टोमॅटो कच्चाच चुरून घालतात, त्यामुळे मार्गेरितामध्ये कांदा-लसूण नसतो आणि जैन वाचकांची पुष्कळ अडचण तिथेच सुटते. मोझारेल्ला जमवण्यासाठी बहुधा प्राणिज विरजण, म्हणजे ‘काल्यो’, वापरलेले असते. ज्यांना तेही वर्ज्य आहे, त्यांनी मारिनारा घ्यावा आणि लसूण नको असल्यास ‘सेन्त्सा आल्यो’ असे सांगावे.

आता सापळे. सूचीत ‘मास्तुनिकोला’ नावाचा पांढरा, वर बेसिल पेरलेला निरागस दिसणारा पिझ्झा असतो. तो चरबी लावूनच करतात. तळलेल्या पिझ्झाच्या पोटात रिकोत्ता आणि प्रोवोला या चीजबरोबर ‘चीकोली’, म्हणजे डुकराच्या चरबीचे दाबलेले तुकडे, घालण्याची प्रथा आहे, म्हणून ‘सेन्त्सा चीकोली’ असे आवर्जून सांगावे. स्कारोला या कडसर पालेभाजीचा पिझ्झा चवीला उत्तम असतो, पण तिच्यात ऑलिव्ह आणि केपरच्या खारवलेल्या कळ्यांबरोबर छोटे खारवलेले मासे पडतात. त्यांना ‘आलीची’ किंवा ‘अच्चूगे’ म्हणतात.

कुठे जावे? स्टेशनपासून चालत साधारण पंधरा मिनिटांवर, व्हिया चेसारे सेर्साले या रस्त्यावर १८७० पासूनची दा मिकेले ही पिझ्झेरिया आहे. तिने पिढ्यान्पिढ्या मार्गेरिता आणि मारिनारा यांवरच नाव कमावले. दारातल्या माणसाकडून क्रमांक घ्यावा आणि मग रांगेत उभे राहावे. क्रमांक न घेता नुसते उभे राहणाऱ्यांची वेळ फुकट जाते. जुन्या शहराच्या मध्यातून जाणाऱ्या व्हिया देई त्रिबुनाली या अरुंद रस्त्यावर सोर्बिल्लो आणि दी मात्तेओ या दोन प्रसिद्ध जागा आहेत. दी मात्तेओमध्ये १९९४ च्या जी-७ परिषदेच्या वेळी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी पिझ्झा खाल्ला होता आणि दुकान ते अजून विसरलेले नाही. मातेर्देई भागातली १९०१ पासूनची स्तारिता थोडी आडबाजूला आहे. पीठ आधी तळून, वर टोमॅटो-चीज घालून भट्टीत फिरवलेला मोन्तानारा तिथे मागावा. दोन तास रांगेत उभे राहण्याइतका कोणताही पिझ्झा मोठा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रसिद्ध दारापुढे मोठी गर्दी दिसली, तर त्याच रस्त्यावर पुढे चालत जावे आणि जिथे स्थानिक कुटुंबे बसलेली दिसतील, तिथे शिरावे.

पिझ्झा न कापता अख्खा येतो आणि सुरी-काट्याने खातात. माणशी एक मागवण्याची रीत आहे. एवढा वेळ नसेल, तर दुकानाबाहेरच्या काचेच्या पेटीतला ‘पोर्ताफोल्यो’ घ्यावा. हा लहान पिझ्झा चौघडी करून कागदात देतात आणि उभ्यानेच खातात. पहिला घास घेताना पुढे वाकून उभे राहावे, म्हणजे टोमॅटोचा रस सदऱ्याऐवजी रस्त्यावर पडेल.

५. रस्त्यावरचे तळण

तळणाच्या दुकानाला फ्रिज्जितोरिया म्हणतात. मोन्तेसान्तो स्थानकाजवळचा पिन्यासेक्का बाजार आणि टेकडीवरच्या वोमेरो भागातली फ्रिज्जितोरिया वोमेरो या दोन जागा चांगल्या आहेत. वोमेरोला केबलने ओढल्या जाणाऱ्या फुनिकोलारे गाडीने जाता येते. ‘क्वोप्पो’ म्हणजे कागदी शंकूत भरलेले मिश्र तळण. ते मासळीचे आणि भाजी-पिठाचे अशा दोन प्रकारांत मिळते. शाकाहारी माणसाने मिश्र शंकू न घेता सुटे नग मागावेत: पोलेंताचे, म्हणजे मक्याच्या पिठाचे, त्रिकोणी ‘स्काल्योत्सी’, आंबवलेल्या पिठाची ‘झेप्पोले’ आणि पीठ लावून तळलेली वांगी. भोपळ्याच्या फुलांत रिकोत्ता किंवा मासा असू शकतो. बटाट्याच्या ‘क्रोक्के’मध्ये हॅमचा तुकडा दडलेला असू शकतो. पास्त्याच्या जाड वडीसारख्या ‘फ्रित्तातीना’मध्ये मांस जवळजवळ ठरलेलेच असते. मासे आणि भाज्या एकाच कढईत तळल्या जातात, हे ज्यांना चालत नाही, त्यांनी ही पायरी सोडून द्यावी.

६. त्रात्तोरिया: सूची आणि बिल वाचायला शिका

बसून जेवायचे असेल, तर समुद्रकाठच्या चित्रमय सूचीच्या उपाहारगृहांपेक्षा स्पॅनिश वस्तीच्या, म्हणजे क्वार्तिएरी स्पान्योलीच्या, गल्ल्यांतल्या किंवा सानिता भागातल्या खाणावळी बऱ्या. दारात उभा राहून तुम्हाला आत ओढणारा माणूस आणि सात भाषांतली छायाचित्रांची सूची दिसली, की पुढे चालू लागावे. हाताने लिहिलेली आणि रोज बदलणारी छोटी सूची हे चांगले लक्षण आहे.

सूचीत सर्वांत फसवे नाव ‘जेनोवेसे’ हे आहे. जगभर त्या नावाखाली बेसिलची हिरवी चटणी मिळते. नेपल्समध्ये मात्र ढीगभर कांद्यात गोमांस तासन्‌तास शिजवून केलेला तपकिरी रस्सा येतो. मांसाचा तुकडा बाजूला काढून नुसता कांदा पास्त्यावर घालतात, म्हणून ताटलीकडे पाहूनही कळत नाही. ‘रागू’ही मांसाचाच. ‘पास्ता ए पाताते कोन प्रोवोला’, म्हणजे बटाटा आणि धुरी दिलेले चीज घातलेला दाट पास्ता, हा या शहरातला माझा सर्वांत आवडता पदार्थ आहे. पण त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा चरबी पडू शकते, म्हणून प्रत्येक ठिकाणी नव्याने विचारावे. तुलनेने निर्धोक पदार्थ म्हणजे वांग्याचे थर असलेली ‘पार्मिजाना दी मेलान्झाने’, टोमॅटो-मोझारेल्लात भाजलेले बटाट्याच्या पिठाचे छोटे गोळे, म्हणजे ‘न्योक्की आल्ला सोर्रेन्तीना’, आणि तळलेल्या झुकिनीचा ‘स्पागेत्ती आल्ला नेरानो’. यांतही चीज असतेच. ‘फ्रिआरिएल्ली’ ही इथली कडसर पालेभाजी लसूण-मिरचीवर परतलेली मागावी आणि सोबत सॉसेज नको, असे सांगावे.

मासे खाणाऱ्यांसाठी दोन सूचना आहेत. सूचीत माशाच्या दरापुढे ‘आल एत्तो’ लिहिले असेल, तर तो दर १०० ग्रॅमचा असतो. आठ युरोचा वाटलेला मासा बिलात पन्नासावर जातो, म्हणून तो शिजवण्यापूर्वी वजन करून किंमत सांगायला लावावे. पदार्थाच्या नावापुढे तारांकन असेल आणि खाली ‘सुर्जेलातो’ असे लिहिले असेल, तर माल गोठवलेला आहे. समुद्राच्या शहरात त्यासाठी पूर्ण दर मोजण्याचे कारण नाही.

बिलात ‘कोपेर्तो’ या नावाने माणशी दीड ते तीन युरो लागतात. हा टेबलाचा आणि पावाचा आकार असून तो पाव खाल्ला नाही, तरी द्यावाच लागतो. त्याचा उल्लेख सूचीत असला पाहिजे. ‘सेर्वित्सियो’ हा सेवेचा वेगळा आकार असतो. दोन्ही लावलेले दिसले, तर बक्षिशी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. एरवीही बक्षिशी सक्तीची नसते. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, म्हणून ‘इल कोन्तो, पेर फावोरे’ हे वाक्य पाठ करून ठेवावे.

आठवडाभर राहणाऱ्यांना कधीतरी भात-आमटीची आठवण येतेच. नेपल्समध्ये श्रीलंकेहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. पियात्सा कावूर आणि पियात्सा दांते यांच्या आसपास त्यांची साधी भोजनगृहे आणि किराणा दुकाने आढळतात. तिथे भात, डाळ, नारळाच्या कालवणाची भाजी आणि स्वयंपाकाचे मसाले मिळतात.

७. गोड

‘स्फोल्यातेल्ला’ दोन रूपांत मिळते. शंखासारखी, असंख्य कुरकुरीत पापुद्र्यांची ती रिच्चा. मऊ आवरणाची ती फ्रोल्ला. आत रवा, रिकोत्ता, दालचिनी आणि पाकवलेली संत्र्याची साल असते. स्टेशनजवळचे अत्तानासियो आणि व्हिया तोलेदोवरचे पिन्ताउरो ही तिची जुनी दुकाने आहेत. दुर्दैवाने रिच्चाचे पापुद्रे पारंपरिक कृतीत चरबीनेच सुटतात, त्यामुळे शाकाहारी माणसाने विचारल्याशिवाय ती खाऊ नये. ‘बाबा’ हा स्पंजासारखा केक रममिश्रित पाकात बुडवलेला असतो. मुलांसाठी आणि मद्य न घेणाऱ्यांसाठी तो नव्हे. ‘पास्तिएरा’ ईस्टरला करतात, पण हल्ली वर्षभर मिळते. शिजवलेले गहू, रिकोत्ता, अंडी आणि संत्र्याच्या फुलांचे पाणी यांचे तिचे सारण चाखताना आपल्याकडच्या गव्हाच्या खिरीची आठवण होते. तिच्या खालच्या आवरणातही चरबी असू शकते. पियात्सा सान दोमेनिको माज्जोरे इथले १९०५ पासूनचे स्कातुर्कियो हे या सगळ्यासाठी सोयीचे दुकान आहे.

आइस्क्रीम, म्हणजे जेलातो, भडक रंगांचे डोंगर रचून ठेवलेल्या दुकानांतून घेऊ नये. झाकणाच्या धातूच्या डब्यांतले आणि मळकट हिरव्या पिस्त्याचे घ्यावे.

८. पाणी, सरबत, वाइन

नळाचे पाणी पिण्याजोगे असते. रस्त्यावरच्या ज्या नळावर ‘नोन पोताबिले’ लिहिले असेल, तेवढा टाळावा. खाणावळीत मात्र बाटलीच येते: साधे पाणी ‘नातुराले’, बुडबुड्यांचे ‘फ्रिद्झान्ते’. उन्हाळ्यात चौकांतल्या ‘आक्वायोलो’च्या टपरीवर लिंबाचे सरबत प्यावे. पेला भरल्यावर विक्रेता त्यात खाण्याचा सोडा टाकतो आणि सरबत उसळून बाहेर येते, म्हणून पाय फाकवून, पुढे झुकून ते एका दमात प्यायचे असते. जड जेवणानंतर याहून चांगला उतारा नाही.

पिझ्झाबरोबर इथले लोक बहुधा बिअर घेतात. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावची किंचित फेसाळ लाल वाइन त्याबरोबर अधिक जुळते, असे मला वाटते. माशाबरोबर फालांगीना, ग्रेको दी तूफो किंवा फिआनो या पांढऱ्या वाइन मागाव्यात. मांसाबरोबर आल्यानिको घ्यावी. पूर्ण बाटली नको असल्यास ‘व्हिनो देल्ला कासा’ म्हणून घरची वाइन पाव किंवा अर्धा लिटर मिळते. संध्याकाळी तरुण मंडळी पियात्सा बेल्लीनी आणि कियाया भागातल्या लहान बारांपुढे पेला हातात घेऊन उभी असतात. तिथे पेयाबरोबर ऑलिव्ह आणि चिप्स बहुधा पेयाच्याच दरात मिळतात.

९. परत आणण्यासाठी

म्हशीच्या दुधाची ताजी मोझारेल्ला त्याच दिवशी, फ्रिजमध्ये न ठेवता खाण्याची वस्तू आहे. ती पाण्यात बुडवलेली असल्यामुळे विमानाच्या हातसामानातल्या द्रवपदार्थांच्या नियमातही अडकू शकते, म्हणून तिचा मोह शहरातच पुरवावा. सोबत आणण्यासाठी ग्रान्यानोचा सुका पास्ता आणि गडद भाजलेली कॉफी उत्तम. मिऱ्याची आणि बदामाची खमंग ‘ताराल्ली’, म्हणजे कडक बिस्किटासारखी गोल कडी, टिकाऊ असल्याने पुष्कळजण पाकिटे भरून घेतात. पण त्यांच्या पारंपरिक प्रकारात चरबी हा एक मुख्य घटक आहे, तेव्हा पाकिटावरच्या यादीत ‘स्त्रुत्तो’ किंवा ‘सुन्या’ लिहिले असेल, तर ऑलिव्ह तेलातली दुसरी मागून घ्यावीत.